क्वेरीत तारखा कशा हाताळायच्या? कापसाचा हंगाम, पावसाची नोंद, मिरग आणि पोळा

पराटी (दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा डेटा मी सांभाळते. कापूस-सोयाबीनची खरेदी, गावोगावच्या पर्जन्यमापकांची रोजची नोंद, पीकविम्याच्या तक्रारी, सभासदांकडचे बी-खताचे हप्ते, सगळं एकाच ठिकाणी आणायचं काम सुरू आहे. मुख्य डेटाबेस पोस्टग्रेस आहे. हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर मायएसक्यूएलवर चालतं. गावातली मुलं मोबाइलवर नोंद करतात त्या ॲपमध्ये एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आहे.

क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, जॉइन (टेबलं जोडणं), ग्रुप बाय (गट पाडणं), बेरजा हे सगळं जमतं. खरा वेळ जातो तो तारखांत. सभेत शेतकरी जे प्रश्न विचारतात ते जसेच्या तसे देते:

"यंदा मिरगात पाणी किती पडलं? मागच्या साली किती होतं?"
"पोळ्यापर्यंत किती झालं?"
"पेरल्यावर सलग किती दिवस उघाड होती?"
"या हंगामात माहा कापूस किती क्विंटल गेला?"

यातला एकही प्रश्न १ जानेवारीला सुरू होऊन ३१ डिसेंबरला संपत नाही. आणि हे प्रश्न शोभेचे नाहीत. उघाडीचे दिवस मोजले की दुबार पेरणीच्या बियाण्याचा अंदाज येतो. हंगामाचा आकडा बरोबर असला तर वाटप बरोबर होतं. म्हणून तारखांचा पाया एकदाच नीट घालायचा आहे. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

बेंबळा (नागपूर)

ताई, धागा चांगला काढला. सुरुवात सगळ्यात साध्या गोष्टीपासून करतो, कारण निम्मे रिपोर्ट तिथेच बिघडतात.

खरेदीच्या नोंदीत तारखेसोबत वेळही असेल. अशा रकान्यावर ऑक्टोबर महिना काढायला लोक बिटवीन वापरतात, १ ऑक्टोबर ते ३१ ऑक्टोबर. नुसती तारीख लिहिली की डेटाबेस ती त्या दिवशीच्या मध्यरात्री ००:०० ची धरतो. म्हणजे ३१ तारखेचा अख्खा दिवस बाहेर राहतो, आणि एरर काही येत नाही. म्हणून नेहमी असं लिहा:

खरेदी_वेळ >= '२०२४-१०-०१' आणि खरेदी_वेळ < '२०२४-११-०१'

सुरुवात धरायची, शेवट सोडायचा. महिना ३० चा की ३१ चा, फेब्रुवारी २८ चा की २९ चा, काही लक्षात ठेवावं लागत नाही. शेवटच्या तारखेला २३:५९:५९ लावायची पद्धतही सोडून द्या. सेकंदाच्या अंशात वेळ साठवला असेल तर त्यातूनही नोंद निसटते.

याचा दुसरा फायदा वेगाचा. 'वर्ष(खरेदी_वेळ) = २०२४' असं लिहिलं की रकाना फंक्शनच्या आत जातो आणि त्याच्यावरचा साधा इंडेक्स (पटकन शोधायची सूची) कामी येत नाही, प्रत्येक ओळ तपासावी लागते. वरच्या पद्धतीत रकाना मोकळा राहतो, म्हणून इंडेक्स चालतो.

आता टाइमझोन. सर्व्हर बहुतेक यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. जिनिंगवर गाड्यांची रांग रात्रभर चालते. १ नोव्हेंबरला पहाटे २ वाजता काट्यावर चढलेली गाडी यूटीसीत ३१ ऑक्टोबर, २०:३० अशी पडते. थेट तारीख काढली तर ती ऑक्टोबरात मोजली जाणार. पोस्टग्रेसमध्ये टाइमस्टँपटीझेड हा प्रकार वापरा आणि तारीख काढण्याआधी 'ॲट टाइम झोन एशिया/कोलकाता' लावा. एक ध्यानात ठेवा, नाव टाइमस्टँपटीझेड असलं तरी तो झोन साठवत नाही. आत यूटीसीतला क्षणच असतो, दाखवताना सेशनचा झोन लागतो. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच, एवढ्या वेळेतल्याच नोंदी सरकतात. दिवसाच्या नोंदी बरोबर दिसतात, म्हणून पटकन कोणाच्या नजरेत येत नाही.

सातबारा (दिग्रस)

पराटीताई, मी महसूल खात्यात काम केलं आहे. माझा मुद्दा 'वर्षा'चा.

आपल्या गावात एकाच वेळी निदान तीन वर्षं चालतात. आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै, म्हणूनच १ ऑगस्टला महसूल दिन असतो. कापसाचा बाजारातला हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. त्यामुळे रिपोर्टवर नुसतं '२०२४' असं छापू नका. '२०२४-२५' छापलं तरी त्याच्या आधी कोणतं वर्ष ते लिहा. १५ सप्टेंबर २०२४ ही तारीख आर्थिक २०२४-२५ मध्ये येते, महसुली २०२४-२५ मध्ये येते, पण कापूस हंगाम मात्र २०२३-२४ चाच असतो.

गणित सोपं आहे. वर्ष जितक्या महिन्यांनी उशिरा सुरू होतं तितके महिने तारखेतून वजा करा आणि उरलेल्या तारखेचं वर्ष घ्या. आर्थिकसाठी ३ महिने, महसुलीसाठी ७, कापसासाठी ९. तिमाहीसुद्धा तशीच निघते: ३ महिने वजा करून तिमाही काढली की एप्रिल-जून पहिली येते.

आणखी एक. तारीख मजकूर म्हणून साठवलेली असेल तर आधी ते दुरुस्त करा. मजकुराचा क्रम अक्षरांप्रमाणे लागतो, त्यामुळे '०२/११/२०२३' ही '१५/०६/२०२३' च्या आधी येते. तारखेचा रकाना डेट प्रकाराचाच पाहिजे, आणि फाइलीतून देवाणघेवाण करताना वर्ष-महिना-दिवस हाच क्रम.

गटसचिव

सातबारा यांच्या शेवटच्या मुद्द्याला धरून. सोसायटीच्या याद्या आमच्याकडे एक्सेलमधून येतात. ज्या कॉम्प्युटरवर अमेरिकी सेटिंग असतं तिथे ०५/०६/२०२४ ही ५ जूनची तारीख ६ मे होते. २५/०६/२०२४ मात्र तारीख होतच नाही, कारण २५ वा महिना नाही. ती मजकूर म्हणून तशीच पडून राहते. म्हणजे एकाच रकान्यात अर्ध्या तारखा उलटलेल्या आणि अर्ध्या मजकूर.

ओळखायची खूण सांगतो. खऱ्या तारखा झालेल्या ओळी वेगळ्या काढा आणि त्यांतला दिवस १२ पेक्षा मोठा असलेल्या किती आहेत ते मोजा. मोठ्या यादीत असा आकडा शून्य आला, तर दिवस आणि महिना अदलाबदल झालेले आहेत असं समजा. फाइल पोस्टग्रेसमध्ये घेताना रकाना आधी मजकूर म्हणून घ्या आणि टू_डेट या फंक्शनला दिवस/महिना/वर्ष असा नमुना स्पष्ट देऊन मग बदला. डेटाबेसला अंदाज करू देऊ नका.

ताईंनी हप्त्यांचा उल्लेख केला होता, त्यावरही सांगतो. ३१ जानेवारी २०२४ मध्ये एक महिना मिळवला तर पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्ही २९ फेब्रुवारी देतात. एसक्यूलाइट २ मार्च देतो. तो आधी '३१ फेब्रुवारी' धरतो आणि वरचे दिवस पुढे ढकलतो. तुमच्या ॲपमध्ये हप्त्याची तारीख निघत असेल आणि ऑफिसात वेगळी, तर कारण हेच. हप्त्याची तारीख एकाच ठिकाणी काढा, ॲपला तयार तारीख पाठवा.

आणि पुढचा हप्ता मागच्या हप्त्यावरून काढू नका. ३१ जानेवारी अधिक १ महिना २९ फेब्रुवारी, त्यात परत १ महिना मिळवला की २९ मार्च. एकदा महिनाअखेर सुटली की परत येत नाही. मूळ तारखेत २ महिने मिळवा, बरोबर ३१ मार्च येते.

व्याजाच्या दिवसांचंही ठरवून घ्या. १५ जून २०२३ ला दिलेली रक्कम ३१ मार्च २०२४ ला परत आली तर तारखांची वजाबाकी २९० दिवस देते. यात एकच टोक मोजलं जातं. दोन्ही टोकं धरायची असतील तर २९१. पन्नास हजारांवर ७ टक्क्यांनी २९० दिवसांचे २,७८०.८२ रुपये होतात, भागाकार ३६५ ने. एका दिवसाचा फरक साडेनऊ रुपयांच्या आसपास. एका सभासदाला तो लहान वाटतो, पण यादी गावाची असते आणि सभासदाने वहीत केलेला हिशेब तुमच्या पावतीशी जुळलाच पाहिजे. कोणतं टोक धरायचं हे संचालक मंडळाच्या ठरावात लिहून घ्या, मग क्वेरी लिहा.

टेंभुर्णी (विद्यार्थी, वाशिम)

मी मायएसक्यूएल शिकून राहिलो आहे. तारखेत १ मिळवला की पुढचा दिवस येत नाही का? आमच्याकडे विचित्र आकडा आला.

बेंबळा

टेंभुर्णी, पोस्टग्रेसमध्ये येतो. डेट अधिक १ म्हणजे पुढची तारीख, आणि डेट उणे डेट म्हणजे दिवसांचा पूर्णांक. मायएसक्यूएलमध्ये अशा बेरजेत तारखेचा सरळ आकडा होतो. ३१ जानेवारी २०२४ अधिक १ केलं की २०२४०१३२ मिळतं. तिथे डेट_ॲड आणि इंटरव्हल १ डे असंच लिहायचं, आणि अंतरासाठी डेटडिफ.

वय काढताना असाच विचार करा. मायएसक्यूएलचं टाइमस्टँपडिफ पूर्ण झालेली वर्षं मोजतं. एसक्यूएल सर्व्हरचं डेटडिफ मात्र वर्षाची सीमा किती वेळा ओलांडली ते मोजतं, म्हणून ३१ डिसेंबर २०२३ ते १ जानेवारी २०२४ या एका दिवसाचं उत्तर '१ वर्ष' येतं. वयाच्या अटीच्या योजनेत माणूस त्यामुळे आत किंवा बाहेर होतो.

मिरग (अकोला)

पावसावर मी लिहितो, माझं रोजचं काम तेच आहे.

पराटी, पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. भारतीय हवामान विभागाच्या पद्धतीत सकाळी साडेआठला माप घेतात. १२ जुलैच्या नोंदीत ११ ला सकाळी साडेआठपासून १२ ला साडेआठपर्यंतचा पाऊस असतो. ११ च्या रात्री धो धो पडलं तरी आकडा १२ च्या नावावर लागतो. तेव्हा पावसाच्या टेबलात 'नोंद_तारीख' असं स्पष्ट नाव ठेवा आणि तिला टाइमझोन लावायला जाऊ नका, कारण ती डेट आहे, क्षण नाही. बेंबळा यांनी सांगितलेला उपाय खरेदीला लागू, पावसाला नाही. शेतकऱ्याचं 'काल रात्रीचं पाणी' आणि तुमची नोंद यांत एका दिवसाचा फरक दिसेल. रिपोर्टखाली एक ओळ लिहून ठेवा म्हणजे वाद होत नाही.

आता उघाड. हवामान विभाग २.५ मिमी किंवा जास्त पाऊस झालेल्या दिवसाला पावसाचा दिवस म्हणतो. तीच सीमा धरा. सलग कोरडे दिवस मोजायची युक्ती अशी. फक्त कोरड्या दिवसांची यादी घ्या, तारखेच्या क्रमाने रो_नंबरने १, २, ३ असे क्रमांक द्या आणि प्रत्येक तारखेतून तिचा क्रमांक वजा करा. समजा ३, ४, ५ आणि ८, ९ जुलै कोरडे आहेत. क्रमांक १ ते ५.

३ जुलै उणे १ = २ जुलै
४ जुलै उणे २ = २ जुलै
५ जुलै उणे ३ = २ जुलै
८ जुलै उणे ४ = ४ जुलै
९ जुलै उणे ५ = ४ जुलै

सलग दिवसांना एकच उत्तर येतं. त्या उत्तरावर ग्रुप बाय केलं की प्रत्येक उघाडीची पहिली तारीख, शेवटची तारीख आणि लांबी मिळते. अनेक गावं असतील तर रो_नंबरमध्ये पार्टिशन बाय गाव लावायचं, म्हणजे प्रत्येक गावाचे क्रमांक वेगळे लागतात.

पण याच्या आधी एक तपासणी लागते, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. पाऊस शून्य असणं आणि नोंदच नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद घेणारा मुलगा दोन दिवस लग्नाला गेला तर त्या तारखा टेबलात नसतील. जनरेट_सीरीजने १ जून ते ३० सप्टेंबरच्या सगळ्या तारखा तयार करा, त्यांना पावसाचं टेबल लेफ्ट जॉइन करा (नोंद नसलेली तारीखही यादीत राहते), आणि जिथे नल, म्हणजे रिकामी जागा, आलं तिथे कोअलेस (नलच्या जागी दुसरी किंमत देणारं फंक्शन) लावून शून्य करू नका. नल तसाच राहू द्या आणि उघाड तिथे 'अनिश्चित' दाखवा. भर पावसाळ्यात न घेतलेली नोंद शून्य धरली तर कागदावर खोटा खंड तयार होतो, आणि त्यावर गावाचं बियाणं ठरतं.

मायएसक्यूएल ८ मध्ये जनरेट_सीरीज नाही, तिथे रिकर्सिव्ह सीटीईने (स्वतःलाच परत बोलावणाऱ्या उपक्वेरीने) तारखा तयार होतात.

पराटी

मिरगभाऊ, नल आणि शून्याचं एकदम पटलं. ॲपमध्ये 'पाऊस नाही' हे बटण वेगळं ठेवायला सांगते, म्हणजे कोरडा दिवससुद्धा मुद्दाम नोंदवला जाईल.

विम्याच्या ७२ तासांचं कोणी सांगाल का? गारपीट झाली की तारखेत ३ मिळवून शेवटचा दिवस काढायचा, एवढं पुरेल?

सातबारा

नाही पुरत, ताई. पंतप्रधान पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीची सूचना नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत द्यायची असते. महाराष्ट्रात मात्र स्थानिक आपत्तीचं आणि काढणीनंतरचं संरक्षण खरीप २०२५ ला वगळलं होतं, तेव्हा त्या हंगामाला ते लागू आहे का ते आधी तपासा. गारपीट १४ तारखेला दुपारी ४:४० ला झाली तर मुदत १७ ला ४:४० ला संपते. तारखेत ३ मिळवून '१७ तारीख' असं सांगितलं, तर शेतकरी १७ च्या संध्याकाळी फोन करेल आणि उशीर होईल. म्हणून घटना_वेळ हा रकाना तास-मिनिटासह घ्या, त्यात इंटरव्हल ७२ तास मिळवा, आणि शेतकऱ्याला जाणाऱ्या मेसेजात वेळ ठळक लिहा. काढणीनंतर शेतात सुकायला पसरलेल्या पिकासाठी संरक्षण कापणीपासून १४ दिवसांपर्यंत असतं. कापणीची तारीख वेगळी लागेल, तिचा रकाना आत्ताच करून ठेवा.

मिरग

आता राहिले मिरग आणि पोळा. हे दोन वरून सारखे दिसतात, पण क्वेरीच्या दृष्टीने पार वेगळे.

पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात. म्हणून इंग्रजी तारखांशी ती जवळपास बांधलेली आहेत. मृग ७ किंवा ८ जूनला लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला, आणि पुढे साधारण तेरा-चौदा दिवसांनी एकेक. एखाद्या दिवसाचा फरक पडतो, एवढंच.

पोळा श्रावण अमावास्येला, म्हणजे चंद्रावर. ही पाहा तारखांची वजाबाकी:

२६ ऑगस्ट २०२२ ते १४ सप्टेंबर २०२३: ३८४ दिवस
१४ सप्टेंबर २०२३ ते २ सप्टेंबर २०२४: ३५४ दिवस
२ सप्टेंबर २०२४ ते २२ ऑगस्ट २०२५: ३५४ दिवस

२०२३ मध्ये अधिक श्रावण होता, म्हणून तिथे एक चांद्रमास वाढला. मागच्या पोळ्यात एक वर्ष मिळवून यंदाचा पोळा कोणत्याही डेटाबेसमध्ये निघणार नाही. आणि सभेत उत्तर देताना हेही सांगा, की 'पोळ्यापर्यंतचा पाऊस' २०२३ ला १४ सप्टेंबरपर्यंतचा आहे आणि २०२५ ला २२ ऑगस्टपर्यंतचा. तीन आठवडे जास्त मोजलेल्या वर्षाचा आकडा मोठा दिसणारच. तुलना करायची असेल तर मिरगाची करा, किंवा पोळ्याच्या आकड्याशेजारी ठरलेल्या तारखेपर्यंतचा आकडाही छापा.

बेंबळा

मी आतापर्यंत सगळं फंक्शनने काढायच्या बाजूचा होतो, पण हे वाचून कॅलेंडर टेबल करा असंच म्हणेन. एका तारखेला एक ओळ. रकाने: तारीख, आर्थिक वर्ष, महसुली वर्ष, कापूस हंगाम, नक्षत्र, सण, आठवडी बाजार. दहा वर्षांच्या ओळी ३,६५२ किंवा ३,६५३ होतात, डेटाबेसला ते काहीच नाही. वर्षांचे तिन्ही रकाने सातबारांच्या वजाबाकीने एकदाच भरा. मग "मिरगात किती" हा प्रश्न नुसता जॉइन आणि ग्रुप बाय होतो. गावातल्या नव्या मुलालाही ती क्वेरी वाचता येते, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

आठवडी बाजाराचा वार भरताना जपून. पोस्टग्रेसमध्ये डीओडब्ल्यूने रविवार ० येतो, आयएसओडीओडब्ल्यूने सोमवार १ आणि रविवार ७. मायएसक्यूएलमध्ये डेऑफवीकचा रविवार १ असतो आणि वीकडेचा सोमवार ०. तीन डेटाबेस आहेत तर आकडा साठवू नका, वाराचं नावच साठवा. आणि आयएसओ आठवडा (सोमवारपासून मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत) वापरला तर त्याचं वर्षही आयएसओचंच घ्या, कारण ३० डिसेंबर २०२४ हा सोमवार २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मोजला जातो.

पराटी

सगळ्यांचे आभार. कॅलेंडर टेबल पोस्टग्रेसमध्येच ठेवते, मायएसक्यूएल आणि ॲपला तिथूनच तयार तारखा जातील. नक्षत्र आणि सणाचे रकाने दरवर्षी पाडव्याला नवं पंचांग आलं की हाताने भरायचे, आणि कोणी भरले तेही नोंदवायचं. हप्त्याची आणि विम्याच्या मुदतीची तारीख मोबाइलवर काढणं बंद करते.

एक विचारायचं राहिलं. पुढच्या वर्षांचे सण आत्ताच भरून ठेवू का?

मिरग

पंचांग हातात असेल तेवढीच वर्षं भरा. २०२६ ला १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे पोळा परत सप्टेंबरात जाणार. ३५४ मिळवून भरला असता तर ऑगस्टात आला असता. बाकी वर्षांचा रकाना नल ठेवा, आणि रिपोर्टच्या क्वेरीत सण नल असेल तर '० मिमी' न छापता 'पंचांग भरायचं आहे' असं छापू द्या.